पाचशे ठिपके

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत मी एसजी बिडाचे नमुने तपासते. तुकडा पॉलिश करून नायटल लावलं की सूक्ष्मदर्शकाखाली फेराइट पांढरं आणि पर्लाइट काळसर दिसतं. भिंगातल्या जाळीत 25 ठिपके. फेराइटवर पडलेले मोजायचे, कडेवरचा अर्धा धरायचा. अशा 20 जागा, म्हणजे 500 ठिपके. त्यातले 210 फेराइटवर आले तर फेराइट 42 टक्के, आणि तेही आकारमानाने! रशियाच्या ग्लागोलेव्हनं 1933 मध्ये खडकांसाठी ही रीत मांडली.

माझी सहकारी कन्नडात मोजते, मी मराठीत. 'अर्धा' तेवढा दोघींचा जवळपास एकच. पर्लाइट कमी भरलं की माल परत येतो, म्हणून "चांगली जागा बघा की ओ" असा आग्रह होतोच. जागा निवडली की हिशोबच बिघडला. नमुना सरकवताना मी भिंगात डोकावतच नाही.