चार फूट सहा इंच

उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना मुंबईकडचे एक मोठे मनोरंजन उद्यान दाखवायचे, असे आमच्या घरी दोन वर्षे चालले होते. अखेर गेल्या एप्रिलमध्ये एका संध्याकाळी मुलीला घेऊन मी टावर चौकाजवळच्या ओळखीच्या तिकीटवाल्या भाऊंकडे गेले. अवंतिका एक्सप्रेसची तिकिटे काढताना त्यांनी विचारले, "भाभीजी, बिटिया की उम्र?" मी सांगितले, "११ पूर्ण, जूनमध्ये १२."

"बर्थ हवी असेल तर पूर्ण भाडे लागेल," भाऊ म्हणाले. पूर्वी ५ ते १२ वर्षांच्या मुलांना अर्ध्या तिकिटातही बर्थ मिळत असे. २१ एप्रिल २०१६ पासून ती सोय गेली. अर्धे भाडे दिले तर बर्थ नाही. आम्ही पूर्ण भाडे भरले.

मग उद्यानाचे पास. तिथे प्रश्न निराळा आला, "हाइट कितनी है?" चार फूट सहा इंचांच्या आत असेल तर लहान मुलांचा पास, वर असेल तर मोठ्यांचा. फरक चार-पाचशे रुपयांचा. आमच्या स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर मार्च महिन्याची पेन्सिलची खूण होती, चार फूट साडेपाच इंच. मी बिनदिक्कत लहान मुलांचा पास घेतला. मुलगी म्हणाली, "आई, म्हणजे रेल्वेत मी मोठी आणि उद्यानात लहान?" भाऊ हसले, मीही हसले.

खरे म्हणजे मोठे कधी व्हायचे, याबद्दल जगातच एकमत नाही. अमेरिकेतील डिस्नेच्या उद्यानांत १० व्या वर्षापासून मोठ्यांचे तिकीट लागते. टोकियोत १२ ते १७ वयासाठी निराळा दर आहे. दिल्लीच्या मेट्रोत वय कोणी विचारत नाही. तीन फुटांच्या आतले मूल मोठ्यांबरोबर फुकट जाते. मतदानाचे वय आपल्याकडे १९८९ पर्यंत २१ होते, मग १८ झाले.

मे महिन्यात आम्ही उद्यानाच्या दाराशी पोहोचलो. भिंतीवर उंचीची पट्टी रंगवलेली होती. रांगेत पुढे सरकता सरकता मी मुलीच्या कानात म्हटले, "गुडघे जरा सैल सोड." तिने माझ्याकडे पाहिले, काही बोलली नाही. पट्टीपाशी जाऊन टाचा भिंतीला लावून ताठ उभी राहिली. चार फूट साडेसहा इंच! वरचे पैसे भरून आम्ही आत गेलो. मला राग आला होता, पण कोणाचा ते समजत नव्हते.

आत एका उंच पाळण्यापाशी उलटाच प्रकार झाला. माझा सात वर्षांचा मुलगा तिथल्या खुणेपेक्षा दोन बोटे कमी पडत होता. त्याने हळूच टाचा उचलल्या. तेव्हा त्याची ताईच म्हणाली, "पाय टेकव. तो दांडा तुझ्या मापाचा नाही, तू त्यातून निसटशील." खरेच आहे. अशा पाळण्यांचे दांडे आणि पट्टे ठराविक मापाच्या शरीराला धरून ठेवतात. उंची कमी असेल तर अंग त्यांत नीट अडकत नाही. तिथे दोन बोटांची लबाडी जिवावर बेतू शकते. त्याला रागावायला मी तोंड उघडले आणि मिटले. तासाभरापूर्वी मी तरी दुसरे काय सांगितले होते?

मला माझ्या लहानपणीची एक गोष्ट आठवली. आजोळी जाताना बाबांनी माझे अर्धे तिकीट काढले होते. मी होते १३ वर्षांची. टीसीने वय विचारल्यावर शिकवल्याप्रमाणे मी "अकरा" म्हटले. माझ्या हातात आठवीचे पुस्तक होते. टीसीने पुस्तकाकडे पाहिले, थोडेसे हसले आणि पुढे गेले. घरची ओढाताण मला ठाऊक होती, म्हणून बाबांना मी कधी दोष दिला नाही. पण ते हसणे आजही आठवते.

परतल्यावर एका संध्याकाळी टावर चौकात कुल्फी खाताना मुलगी म्हणाली, "आई, माझे पूर्ण तिकीट लागले ना? मग आता क्लासला मी सायकलने एकटी जाऊ?" माझ्या तोंडून लगेच निघाले, "छे, अजून लहान आहेस तू!" ती शांतपणे म्हणाली, "भावाला सांभाळायचे असले की मी मोठी असते."

पालकहो, हे उत्तर मला फार लागले. तिकिटाच्या खिडकीवर मूल लहान, कामाला मोठे, परवानगी मागितली की पुन्हा लहान. त्याचे वय आपण आपल्या सोयीने पुढे-मागे करतो. आपले उज्जैन तर काळ मोजणाऱ्यांचे गाव. सवाई जयसिंहांनी अठराव्या शतकात बांधलेल्या वेधशाळेत सम्राट यंत्राची सावली आजही वेळ दाखवते, आणि ती कोणाच्या सोयीसाठी सरकत नाही. मोजमाप एकदा खरे मानले, की त्यातून येणारा खर्चही आपला आणि त्यातून येणारा मुलांचा हक्कही खरा.

पहिला आठवडाभर मी स्कूटरवरून तिच्या मागे मागे गेले. रस्ता कुठे ओलांडायचा, कुठे उतरून सायकल हातात धरायची, हे दोघींनी मिळून ठरवले. आता ती एकटी जाते. टावरपाशी गर्दी असली की उतरून चालते, असे सांगते. मी विश्वास ठेवते. ती वळणापर्यंत दिसते, तोवर मात्र फाटकात उभी असते.

चौकटीवर जूनची नवी खूण झाली आहे. या वेळी पेन्सिल तिच्या हातात होती आणि माप तिने स्वतःच घेतले.

— एक पालक