खेळाचे नियम आणि वसतिगृहाची वही

गेल्या श्रावणात अचलपुरात सलग चार दिवस पाऊस लागून राहिला होता. सापन आणि बिच्छन या आमच्या दोन्ही नद्या दुथडी भरून वाहत होत्या. वसतिगृहातील मुलांना मैदानावर जाता येईना, आणि कोंडलेली मुले काय करतात हे पालकांना वेगळे सांगावयास नको. अशा वेळी पुण्यात शिक्षण घेऊन परतलेला आमच्या धर्मग्रामातील एक तरुण हाती एक पुस्तक आणि मूठभर फासे घेऊन आला. "फादर, मुलांना एक खेळ शिकवू का?" त्याने विचारले. फासे पाहून मन थोडे साशंक झाले. आम्ही होकार दिला खरा, परंतु कोपऱ्यात खुर्ची टाकून आम्हीही बसलो.

या खेळाला पट लागत नाही की सोंगट्या लागत नाहीत. एक जण सूत्रधार होतो आणि बाकीचे एकेक सोंग घेतात. सूत्रधार प्रसंग सांगतो, खेळाडू आपले पात्र काय करील ते सांगतो, आणि ते साधेल की नाही अशी शंका जेथे येते तेथे फासे निवाडा देतात. प्रत्येक पात्राचा एक कागद असतो व त्यावर त्याच्या गुणांचे आकडे असतात. युद्धाच्या बैठ्या खेळांतून हा प्रकार जन्मला. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी १९७४ साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या नावाने तो प्रथम छापला.

मुलांनी विषय निवडला तो घरचाच, गाविलगडचा वेढा. १८०३ च्या २९ नोव्हेंबरला अडगावची लढाई जिंकून आर्थर वेलस्ली अचलपुरास आला. त्याच्या फौजेने डोंगरातून वाट पाडीत अवजड तोफा गडाच्या उत्तर बाजूस नेल्या, आणि १५ डिसेंबरला गड पडला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता कामी आला. दोनच दिवसांनी रघूजी भोसल्यांना देवगावच्या तहावर सही करावी लागली. हे सारे आपल्या उंबऱ्यावर घडलेले. मुलांचे डोळे चमकले यात नवल नाही.

तरुणाने आणलेले पुस्तक 'गर्प्स' या पद्धतीचे होते. स्टीव्ह जॅक्सन यांनी ती १९८६ साली प्रसिद्ध केली. तिचे वैशिष्ट्य असे की, कथा कोणत्याही काळातील व कोणत्याही देशातील असो, नियम तेच. बळ, चपळाई, बुद्धी आणि प्रकृती हे चार मूळ गुण, तीन फासे आणि बेरीज. एकदा शिकले की राजवाड्यातही चालते आणि अंतराळातही. अर्ध्या तासात सहावीतला मुलगाही खेळू लागला. सर्वांना सारखेच गुण वाटून दिलेले, त्यामुळे कोणाची तक्रार नाही. सेमिनरीत वाढलेल्या आमच्या मनाला ही व्यवस्था फार रुचली.

मेळघाटातला एक कोरकू मुलगा मात्र कागद पुढे ठेवून गप्प बसला होता. तोफांना डोंगरातली वाट दाखवणाऱ्या कोरकू माणसाचे सोंग त्याने घेतले होते. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "फादर, याच्यात जंगल कुठी हाये?" तरुणाने पुस्तक चाळून रानात तग धरण्याचे कौशल्य काढून दिले आणि त्यापुढे आकडा लिहिला. मुलाने तो पाहिला आणि दुसरा प्रश्न विचारला, "माया माणूस त्यायच्या तोफा कायले ओढीन?"

या प्रश्नाला पुस्तकात आकडा नव्हता. माणूस किती ओझे उचलील हे नियम सांगत होते; ते कोणासाठी उचलील याविषयी ते मुके होते.

रात्री जेवणानंतर तरुण आम्हाला दुसऱ्या जातीच्या नियमांविषयी सांगू लागला. काही खेळांचे नियम एकाच कथेसाठी घडवलेले असतात. ग्रेग स्टॅफर्ड यांचा 'पेंड्रॅगन' हा १९८५ चा खेळ राजा आर्थरच्या सरदारांचा. त्यात स्वभावाच्या तेरा जोड्या आहेत. दया आणि क्रौर्य ही एक जोडी. दोन्ही मिळून वीस. दया वाढली की क्रौर्य तितकेच घटते, आणि ऐन प्रसंगी फासा त्या आकड्यावर पडतो. आम्ही चकित झालो. परंतु हा अंगरखा त्या सरदारांच्याच मापाचा. गाविलगडच्या वाटाड्याला तो कसा बसावा? शिवाय प्रत्येक कथेसाठी नवे नियम शिकायचे म्हटले, तर लहान मुले दारातच अडतील.

यातून काहींनी मधली वाट काढली आहे. 'रूनक्वेस्ट' या १९७८ च्या खेळातील सामान्य नियम वेगळे काढून १९८० साली सोळा पानांची एक पुस्तिका झाली. पुढच्याच वर्षी तेच नियम पायाशी घेऊन 'कॉल ऑफ कथुलू' हा भयकथांचा खेळ आला. त्यात मनाच्या तोलाचा एक आकडा वाढवला होता. भयंकर काही पाहिले की तो घसरतो. त्या एका आकड्याने सारा खेळ निराळा झाला.

आम्हाला आपला मोक्षपट आठवला. त्याच्या घराघरांत गुणांची व दोषांची नावे असत. कोणत्या गुणाने चढलो आणि कोणत्या दोषाने घसरलो हे खेळणाऱ्याला वाचता येई. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा पट इंग्लंडात गेला, आणि पुढे नावे गळून नुसते आकडे उरले. सापशिडी साऱ्या जगाची झाली; पण का घसरलो, हे ती सांगेनाशी झाली.

दुसऱ्या दिवशी मुलांनी जुने नियम तसेच ठेवून एकच जोडी वाढवली, 'हुकूम' आणि 'आपली माती'. दोन्ही मिळून वीस. कोरकू मुलाने मातीपुढे पंधरा लिहिले. फासा त्याच्या बाजूने पडला. त्याच्या वाटाड्याने तोफा लांबच्या वाटेने फिरवल्या, आणि तेवढ्या अवधीत डोंगरातले एक गाव माणसे-गुरे घेऊन निघून गेले. गड पडायचा तो पडलाच. मुलगा मात्र प्रथमच मोकळेपणी हसला.

त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही. आमच्या वसतिगृहाच्या वहीत एक नियम आहे: तीन दिवसांहून अधिक विनापरवानगी गैरहजर राहिल्यास नाव कमी होईल. सर्वांना सारखा. चार वर्षांपूर्वी नववीतला एक कोरकू मुलगा होळीला गावी गेला तो नवव्या दिवशी परतला. होळी हा कोरकूंचा सर्वांत मोठा सण, हे आम्हाला ठाऊक होते. पण होळी उपवासकाळात येते, आणि त्या दिवसांत आम्ही अधिकच कडक झालेलो असतो. आम्ही वही उघडून त्याला नियम दाखवला. तो काही बोलला नाही. पेटी डोक्यावर घेऊन निघून गेला.

ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या धर्मविधिसंहितेत १७५२ कलमे आहेत. ती साऱ्या जगासाठी असली तरी स्थानिक नियमांना जागा ठेवतात, आणि अखेरचे कलम आत्म्यांचे तारण हाच सर्वश्रेष्ठ नियम असल्याची आठवण देते. हे कलम धर्मग्रामाच्या धर्मगुरूंच्या बदलीविषयीचे आहे, हेही आम्ही परीक्षेसाठी पाठ केले होते.

आम्ही तीन दिवसांचा नियम काढून टाकलेला नाही. तो नसता तर ज्याचा बाप मोठ्याने बोलतो त्यालाच सवलत मिळाली असती. त्याखाली फक्त एक ओळ वाढवली: होळीसाठी डोंगरातील मुलांना आठ दिवसांची रजा. यंदा होळीला गेलेली सारी मुले आठव्या दिवशी सायंकाळी परत आली.

पावसाळा संपताच आम्ही त्या जुन्या मुलाच्या गावीही जाऊन आलो. तो आता वीटभट्टीवर कामाला जातो. त्याने आम्हाला खाटेवर बसवून चहा दिला. आम्ही क्षमा मागितली तेव्हा तो संकोचून खाली पाहू लागला. निघताना मात्र त्याने विचारले, "फादर, माया लहान्या भावाले घ्यान का?"

जूनमध्ये तो मुलगा येणार आहे. वहीत त्याच्यासाठी जागा ठेवली आहे.