परक्या मुलखाचा पाहुणा

यंदा पावसाळ्यात आमच्या नेरूळच्या घरी 'बिअर्डेड ड्रॅगन' आला. काटेरी दाढीचा हा सरडा मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या मुलखातला. पाळायला मिळतात ते पेटीतच जन्मलेले. आपल्या थर-कच्छकडचा सांडा १९७२च्या वन्यजीव कायद्यानं संरक्षित, तो पाळता येत नाही.

जीव घरी आणायचा तर त्याचा मुलूखही थोडा आणावा लागतो. सरड्याचं अंग बाहेरच्या उष्णतेवर तापतं. तापल्याशिवाय खाल्लेलं पचत नाही. म्हणून काचेच्या पेटीत एका टोकाला दिव्याखालचा दगड ४० अंशांपर्यंत तापवला, दुसरं टोक २५ ते २८ अंशांवर, सावलीचं ठेवलं. कुठं बसायचं ते त्यानं ठरवावं. अतिनील प्रकाशाची नळी वेगळी. तिच्याविना 'ड' जीवनसत्त्व तयार होत नाही, कॅल्शियम अंगी लागत नाही. खाडीकाठच्या दमट हवेमुळे वरची जाळी उघडीच ठेवली.

चार दिवस त्यानं अन्नाला तोंड लावलं नाही. अंग काळपट पडलं. मुलं हातात घ्यायला उतावीळ, अम्मी म्हणाल्या, "मरेल बिचारा, परत देऊन टाका." आम्ही समोरच्या काचेवर जुनी ओढणी सोडली आणि सर्वांना लांब ठेवलं. गावाहून शाळेत आलेलं नवं मूल आठवडाभर गप्प असतं, तेव्हा आम्ही त्याला फळ्यापाशी बोलावत नाही.

पाचव्या दुपारी तो दिव्याखाली अंग पसरून पडला. रंग उजळला होता. संध्याकाळी लाल भोपळ्याचा थोडा कीस संपलेला दिसला. ओढणी आम्ही अजून काढलेली नाही.