पोस्टिंग मल्लेश्वरम

आजवर तुम्हाला बर्फातल्या, वाळूतल्या, जंगलातल्या पोस्टिंगबद्दल लिहिलं. ही पोस्टिंग कुठल्याही ऑर्डरवर नाही. ठिकाण बंगळूरचं मल्लेश्वरम, सासऱ्यांचं घर. मार्चच्या पहिल्या आठवड्यात 30 दिवसांच्या रजेवर आलो आणि 25 तारखेला देश बंद झाला. युनिटमधून निरोप आला, रजा वाढवली आहे, आहात तिथेच थांबा. इतक्या वर्षांच्या नोकरीत रजा वाढवून मागितली आणि मिळाली नाही, असं कितीदा तरी झालं. न मागता वाढली ती ही पहिलीच.

आज शुक्रवार, 17 एप्रिल. आजचाच दिवस सांगतो.

पहाटे साडेचारला जाग आली. इथे स्टँड-टू नाही, पण डोळ्यांना कोण सांगणार! सहा वाजता नंदिनीचं दूध आणायला गेलो. दुकानापुढे खडूने गोल आखलेत, एका गोलात एक माणूस. त्या रांगेत ड्रेसिंग नीट घेऊन उभा असलेला मी एकटाच. एरवी संपिगे रोडवर चालायला जागा नसते. आज रस्त्याच्या मधोमध एक कुत्रं निवांत आडवं झालं होतं.

घरी आलो तर मामा कॉफी घेऊन ओट्यावर बसलेले. आमचे सासरे जन्माने बंगळूरचे, मराठी बोलता बोलता कन्नडमध्ये कधी शिरतात त्यांनाच कळत नाही. म्हणाले, "जावईबापू, साथीला काय भ्यायचं? हे मल्लेश्वरमच साथीतून झालंय." खरंच आहे ते. 1898 मध्ये बंगळूरला प्लेग आला, आणि पेठेतल्या दाटीतून माणसं मोकळ्या हवेत यावीत म्हणून मल्लेश्वरम आणि बसवनगुडी वसवली गेली. सरळ रस्ते, काटकोनात क्रॉस, घरांच्या मागे सफाईसाठी वेगळी अरुंद गल्ली. ज्या काडु मल्लेश्वरावरून हे नाव पडलं, ते देऊळ शिवरायांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजांनी बांधलं असं सांगतात. सध्या तेही बंद आहे. मामांचा रोजचा देवळाचा फेरा चुकला, त्याची भरपाई ते टीव्हीवरच्या रामायणावर करतात. सकाळी नऊला एकदा, रात्री नऊला पुन्हा.

दहाला खरं ऑपरेशन सुरू होतं. सौ. एका कंपनीत हिशेबाचं काम करते. आतल्या खोलीत इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप, कानाला हेडफोन, दहा ते एक मीटिंग. या तीन तासांत घरात आवाज होऊ न देणं ही माझी ड्यूटी. पहिल्या आठवड्यात मी सपशेल नापास झालो. तिचे साहेब बोलत असताना कुकरने चार शिट्ट्या मारल्या, आणि मी "अगं, गॅस बंद करू का?" म्हणून दारातूनच ओरडलो. पलीकडच्या अकरा जणांनी ऐकलं म्हणे.

तेव्हापासून कुकर पावणेदहाच्या आत उतरतो. मुलगी आठ वर्षांची आहे, तिला मी पेट्रोलिंगच्या हाताच्या खुणा शिकवल्या. थांब, खाली बस, पुढे चल, गोळा हो. आता आम्ही दोघं स्वयंपाकघर ते पडवी असं तोंडातून शब्द न काढता फिरतो. आज तिने मामांनाही "खाली बस"ची खूण केली, आणि म्हातारा खरोखर खाली बसला! हसू दाबताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

एक मात्र सांगायला हवं. 14 तारखेला लॉकडाऊन 3 मेपर्यंत वाढल्याचं टीव्हीवर सांगितलं, तेव्हा सगळ्या घरात टाळ्या वाजवणारी ही एकटीच. मला तिच्याकडे बघवेना, कारण आतून मीही वाजवतच होतो.

दुपारी मोबाईलवर बातमी दिसली. आज बंगळूरहून फौजेची खास रेल्वे बेळगाव, सिकंदराबाद, अंबाल्यावरून जम्मूला निघते आहे. ट्रेनिंग संपवून क्वारंटाईन पुरं केलेल्या जवानांसाठी. रजेवरच्यांचा त्यात नंबर नाही. वाचून आधी हायसं वाटलं. मग तसं वाटल्याची लाज वाटली.

कारण वर पोस्टवर माझा एक हवालदार आहे, सातारकडचा. मी पोचल्यावर तो सुटणार होता. बायकोचे दिवस भरत आले होते, म्हणून त्याची रजा माझ्या रजेला लागूनच ठेवली होती. माझी संपेना, त्यामुळे त्याची सुरू होईना.

संध्याकाळी त्याचाच फोन आला. मी पोरीची वेणी घालत होतो.

"साहेब, मुलगी झाली. काल रात्री. दोघी बऱ्या आहेत."

"शाब्बास! बघितलीस का?"

"फोटो पाठवलाय घरच्यांनी. पण इथे नेट कुठलं? अर्धाच उघडलाय. कपाळ दिसतंय." मग थोडं थांबून म्हणाला, "तिकडं कसं चाललंय, साहेब?"

माझ्या हातात रिबीन होती. "काही विशेष नाही," एवढंच म्हणालो. तो म्हणाला, "सांभाळा, गर्दीत जाऊ नका," आणि लाईन तुटली. वर बर्फात बसलेला माणूस मला सांभाळायला सांगतोय.

रात्री सुभेदार मेजर साहेबांना फोन लावला. म्हटलं, रजेवरच्यांसाठी पहिली जी गाडी निघेल, तिच्यात माझं नाव घाला. ते म्हणाले, "घातलं समज."

जेवताना सौ.ला सांगितलं. तिने ताटातला भात कालवला, बराच वेळ कालवतच राहिली. मग म्हणाली, "पोरीला तुम्हीच सांगा."

आत्ता साडेदहा झालेत. रामायण संपलं, मामा झोपले. पोरगी अजून जागी आहे. उद्याची नवी खूण कोणती, म्हणून दोनदा विचारून गेली.