एकच निरोप, दोन स्नायू

स्नायू म्हटलं की आमच्या ऑफिसातल्या पोरांना जिम आठवतं. बायसेप्स, सिक्स पॅक वगैरे. पण ज्यांची आपण कधी आठवणही काढत नाही असे स्नायू अंगात भरपूर आहेत. आतड्यात, श्वासनलिकांत, डोळ्याच्या बाहुलीभोवती. पहिले अस्थिस्नायू, आपल्या हुकमातले. दुसरे मृदू स्नायू, ते आपल्याला विचारत नाहीत. शाळेत दोन मार्कांना 'फरक स्पष्ट करा' यायचं, ते हेच!

आधी अस्थिस्नायू. हात उचलायचा म्हटलं की मज्जातंतूच्या टोकातून अ‍ॅसिटिलकोलिन नावाचं रसायन सुटतं. ते स्नायूवरच्या रिसेप्टरला चिकटतं, पेशीत विजेची लाट पसरते आणि आतल्या साठ्यातलं कॅल्शियम मोकळं होतं. तिथे अ‍ॅक्टिन आणि मायोसिन असे दोन प्रकारचे तंतू शेजारी शेजारी असतात. अ‍ॅक्टिनवर एक झाकण असतं, कॅल्शियममुळे ते सरकतं. मग मायोसिनची मुंडकी अ‍ॅक्टिनला पकडतात, ओढतात, एटीपीच्या जोरावर सुटतात आणि पुन्हा पुढे पकडतात. विहिरीचा दोर हातावर हात टाकत ओढावा तसं. म्हणजे तंतू आखडत नाहीत, एकमेकांवरून सरकतात. हे १९५४ साली 'नेचर'च्या एकाच अंकात दोन वेगळ्या गटांनी मांडलं. दोन्हीकडे एकेक हक्सली होता आणि त्यांचं आपसात काही नातं नव्हतं!

मृदू स्नायूत ओढणारे तंतू तेच, कॅल्शियमही तेच, स्विच मात्र वेगळा. इथे कॅल्शियम आधी कॅल्मोड्युलिनला भेटतं, ते एका एन्झाइमला जागं करतं, ते मायोसिनवर फॉस्फेट चिकटवतं, मग ओढाओढ सुरू. त्यामुळे काम संथ, पण एकदा आवळलेली नळी कमी खर्चात बराच वेळ आवळून धरता येते. आणि गंमत म्हणजे श्वासनलिकेला, आतड्याला 'आवळ' हा निरोपसुद्धा अ‍ॅसिटिलकोलिनच देतं. फक्त रिसेप्टर दुसऱ्या जातीचा. आमच्या भाषेत, मेसेज एकच, लिसनर दोन.

आता प्रश्न असा की काम झाल्यावर निरोप पुसतं कोण? त्यासाठी अ‍ॅसिटिलकोलिनेस्टरेज नावाचं एन्झाइम असतं. तेच बंद पडलं तर काय होतं, हे मी आमच्या काकांवर पाहिलं.

आमचं गाव बुलढाणा जिल्ह्यात, घाटाखाली, नांदुऱ्याकडे. पोळा झाला की पऱ्हाटी चांगली छातीएवढी होते आणि फवारणीचा हंगाम असतो. काका सकाळपासून पंप पाठीवर घेऊन औषध मारत होते. दुपारी वारा फिरला. संध्याकाळी घाम, लाळ, पोटात कळा, छातीत घरघर. "मले धड दिसून नाही राह्यलं," म्हणाले. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या. दंडाचं मांस कातडीखाली आपोआप थरथरत होतं, पण मूठ आवळा म्हटलं तर आवळेना.

औषध ऑर्गॅनोफॉस्फेट गटातलं होतं. हे विष त्या पुसणाऱ्या एन्झाइमलाच जखडून टाकतं. निरोप साचत जातात. मृदू स्नायू आवळून बसतात, म्हणून दम, कळा आणि बारीक बाहुल्या. अस्थिस्नायू आधी फडफडतात आणि मग लुळे पडतात.

डॉक्टरांनी अ‍ॅट्रोपिन सुरू केलं. छाती ऐकायची, पुन्हा इंजेक्शन, पुन्हा छाती ऐकायची. हळूहळू घरघर थांबली, लाळ आटली. आम्हाला वाटलं, सुटलो. डॉक्टर मात्र तातडीने मोठ्या दवाखान्यात हलवा म्हणाले. कारण अ‍ॅट्रोपिन फक्त दुसऱ्या जातीचा रिसेप्टर अडवतं. अस्थिस्नायूंवरच्या रिसेप्टरवर त्याचा इलाज चालत नाही. आणि आपण श्वास घेतो तो छातीखालचा पडदा नेमका अस्थिस्नायूचा! तो लुळा पडला की व्हेंटिलेटरशिवाय गत्यंतर नाही. काका काही दिवस त्यावर होते, म्हणून वाचले. दोन मार्कांचा फरक तो हा.

अ‍ॅट्रोपिन आपल्या बांधावरच्या धोतऱ्यातही असतं. पण पानात-बीत किती आहे हे डोळ्यांना दिसत नाही आणि धोतरा स्वतःच विष आहे. तेव्हा घरगुती प्रयोग अजिबात नको.

२०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. तिथली सगळीच औषधं या गटातली नव्हती आणि प्रत्येक विषाला उतारा असतोच असंही नाही. म्हणून बाटली सोबत नेणं फार महत्त्वाचं. डॉक्टरांना कशाशी लढायचं ते कळतं. त्याआधी भिजलेले कपडे काढायचे आणि अंग साबणाने धुवायचं, कारण हे विष कातडीतूनही आत जात राहतं. हे करणाऱ्याने स्वतः हातमोजे घालावेत. आणि घरघर थांबली म्हणून पेशंटला घरी आणायचं नाही.

आपल्यापैकी बऱ्याच जणांचं कोणी ना कोणी अजून पाठीवर पंप घेतं. उद्या रविवार आहे. घरी फोन कराल तेव्हा पाऊसपाणी, भाव वगैरे विचाराच, पण फवारताना वारा पाठीकडून असतो का आणि हातमोजे आहेत का, हेही विचारा. नसतील तर पुढच्या खेपेला गावी जाताना मिठाईच्या डब्याबरोबर तेही घेऊन जा.