माडीवरचा उजेड

आमच्या वसईच्या जुन्या घराच्या माडीवर पूर्वी कांद्यांच्या माळा टांगलेल्या असत आणि कोपऱ्यात भाताची पोती रचलेली असत. आता तिथे टर्पेंटाइनचा आणि जवसाच्या तेलाचा वास असतो. जिना चढताना पाहुणे नाकाला रुमाल लावतात. आम्हां उभयतांना मात्र तो वास आला नाही, की चुकल्याचुकल्यासारखे होते. धाकटी घरी नाही, असा त्याचा अर्थ.

धाकटी चित्रकार आहे. हे वाक्य आज आम्ही इतक्या सरळपणे लिहू शकलो, याचे आमचे आम्हांसच अप्रूप वाटते. पुष्कळ वर्षे रविवारच्या मिस्सानंतर कोणी ‘धाकटी काय करते?’ असे विचारले, की आम्ही थोरल्याच्या मस्कतच्या नोकरीकडे बोलणे वळवीत असू. त्या वळवण्याचा हिशेब कधीतरी मांडायला हवा होता, तो आज मांडतो आहोत.

मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये तिला प्रवेश मिळाला, तेव्हा आम्हांस अभिमानच वाटला होता. १८५७ साली स्थापन झालेली ती कलाशाळा. तिच्या आवाराचे नाव आमच्या घराण्यात कोणी घेतले नव्हते. पहाटेची विरार लोकल, पाठीवर रंगांची पिशवी, बगलेत भलामोठा बोर्ड, आणि डब्यातल्या बायकांची बोलणी, अशी वर्षे गेली. २०११ साली अखेरच्या वार्षिक प्रदर्शनात तिच्या चित्राला बक्षीस मिळाले. आम्ही पेढे वाटले. आता मार्गाला लागली, असे आम्ही एकमेकांस म्हणालो.

मार्ग तिथे संपला होता, हे आम्हांस ठाऊक नव्हते. वकील झालेल्या मुलाला कोर्ट असते, परिचारिका झालेल्या मुलीला इस्पितळ असते. चित्रकलेची पदवी घेतलेल्या मुलीला दुसऱ्या दिवशी सकाळी कोठे जायचे, हे कोणी सांगत नाही. कलाशाळा विद्यार्थ्यास काय देते, हेही ती सुटल्यावरच कळते. तिथे समोर बसायला मॉडेल असते आणि त्याचे पैसे संस्था देते. उंच छताच्या खोलीत दिवसभर सारखा राहणारा उजेड असतो. शेजारच्या ईझलवर आपल्याहून बरे काम करणारा मित्र असतो. ‘हा खांदा चुकला’ असे म्हणणारे सर असतात, आणि अमुक तारखेला काम दाखवायचे आहे, हा धाक असतो. एका सोमवारी हे सारे एकदम नाहीसे झाले. माडीवर ती, एक कॅनव्हास आणि एक चाळीस वॅटचा दिवा, इतकेच राहिले.

पहिली तीन वर्षे तिने लोकांची चित्रे केली. पॅरिशमधल्या कुटुंबांकडून कामे येत. कोणाच्या आईवडिलांच्या लग्नाचा सुवर्णमहोत्सव, कोणाचे वारलेले आजोबा, कोणाच्या दिवाणखान्यासाठी येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर. पासपोर्टच्या फोटोवरून दोन फुटांचा चेहरा उभा करायचा, डोळ्यांत थोडे तेज घालायचे, आणि चामखीळ वगळायची. तिचा हात तयार होता; लोक खूश होत. कामे आम्हीच घेत असू. ‘आमची करील हो’ असे सांगून मोकळे होत असू, आणि घरी आल्यावर तिला कळवीत असू. ती मान डोलावी. तिचे बोलणे कमी होत गेले, ते आम्ही कामाच्या थकव्यावर ढकलले.

त्याच काळात एका घराने मारियामातेचे चित्र सांगितले. धाकटीने मातेला निळा झगा न देता आपल्याकडच्या बायकांचे तांबडे लुगडे नेसवले, आणि मागे विहिरीवरचा रहाट काढला. त्या घरच्या बाईंनी चित्र फार आदराने परत आणले. “बाय, छान काढलंस,” त्या म्हणाल्या, “पण ही माता वाटत नाही गं. ही तर आपली शेजारीण वाटते.” धाकटी हसली आणि आठवड्याभरात निळ्या झग्याची माता करून दिली. तांबड्या लुगड्याचे चित्र तिने भिंतीकडे तोंड करून ठेवले. आम्हांसही तेव्हा वाटले, की गिऱ्हाइकाला हवे ते द्यावे, उगाच हट्ट कशाला?

आंजेलो द फोन्सेका हे नाव आम्ही त्या प्रसंगी पहिल्यांदा ऐकले, ते धाकटीच्याच तोंडून. १९०२ साली गोव्यात जन्मलेला हा कॅथलिक चित्रकार. तोही जे. जे. मध्ये शिकला, पण तिथली युरोपीय पद्धत आपली नव्हे असे वाटून शांतिनिकेतनास गेला आणि अवनींद्रनाथ टागोर व नंदलाल बोस यांच्यापाशी त्याने नव्याने हात घडवला. त्याने साडी नेसलेली, गव्हाळ वर्णाची मारिया रंगवली. गोव्यात त्यावर नाराजी झाली, आणि त्याला घर सोडून पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमाचा आसरा घ्यावा लागला. दुसरी व्हॅटिकन परिषद १९६२ ते १९६५ या काळात भरली आणि स्थानिक संस्कृतीला चर्चमध्ये मानाने जागा मिळाली. फोन्सेकाने तर त्याआधी तीस वर्षे ते काम हाती घेतले होते. १९६७ साली तो पुण्यात वारला. आज त्याची कितीतरी चित्रे पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात जपून ठेवलेली आहेत. हे सारे आम्ही ऐकले आणि ‘बरं’ म्हणालो. मोठ्या माणसांच्या गोष्टी आपल्या घराला लागू पडतात, असे आम्हांस कधी वाटले नव्हते.

२०१३ च्या नाताळात एक नातेवाईक वर्तमानपत्राचे कात्रण घेऊनच आले. मुंबईतल्या लिलावात वासुदेव गायतोंडे यांचे एक चित्र तेवीस कोटींहून अधिक रुपयांस विकले गेले होते. “बघा, पैसा आहे यात!” असे म्हणून त्यांनी केकचा दुसरा तुकडा उचलला. गायतोंडेही जे. जे. चेच. धाकटी हळूच म्हणाली, “अंकल, ते २००१ सालीच वारले.” दिल्लीतल्या लहानशा जागेत एकटे राहून, वर्षाकाठी मोजकीच चित्रे करणाऱ्या त्या माणसाला या कोटींतला एकही रुपया दिसला नव्हता. आम्ही मात्र त्या कात्रणातून भलताच धडा घेतला. कोटी मेल्यावर मिळणार असतील, तर जिवंतपणी पगार असलेला बरा.

तेव्हा आमच्यापैकी एकाने एका शाळेतल्या चित्रकला शिक्षकाच्या जागेचा अर्ज आणला आणि दुसरीने त्यावर फोटो चिकटवला. सगळे रकाने आम्हीच भरले. फक्त सही उरली होती. धाकटीने अर्ज वाचला, आमच्याकडे पाहिले आणि सही केली. ती भांडली असती, तर आम्हांस आज कमी लाज वाटली असती.

जून २०१४ पासून ती शाळेत जाऊ लागली. मुलांवर तिची माया होती. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांसाठी ती त्यांची तयारी करून घेई; वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, सारे मन लावून शिकवी. पगार वेळेवर येई. आम्ही निश्चिंत झालो. माडीवरचा वास हळूहळू विरला आणि कांद्यांच्या माळा पुन्हा वर गेल्या. त्या माळा वर चढवताना आम्हांस काहीच वाटले नाही, हे इथे कबूल केले पाहिजे.

२०१७ च्या पावसाळ्यात आजी पडली. खुब्याचे हाड मोडले आणि ती पुन्हा उठली नाही. संध्याकाळी शाळेतून आल्यावर तासभर आजीपाशी बसायचे, असे धाकटीने आपण होऊन ठरवले. नुसते बसवेना, म्हणून ती शाळेतल्या वाया गेलेल्या कागदांच्या पाठकोऱ्या बाजूंवर, साध्या बॉलपेनने, आजीला काढू लागली. आजीचा चेहरा दुखण्याने सारखा हले. हात मात्र पोटावर स्थिर असत. म्हणून ती हात काढू लागली. रोज तेच हात. पानवेली बांधून, केळी सोलून, रहाटाचा दोर ओढून बोटांची पेरे वाकडी झालेली. बॉलपेन खोडता येत नाही. रेघ चुकली, तर तिच्याच शेजारी दुसरी ओढावी लागे. आरंभीची पाने आम्ही नंतर पाहिली. त्यांतले हात सुबक आहेत, कोणाचेही असू शकतील असे. पुढेपुढे त्यांचा सुबकपणा गेला आणि ते आजीचे झाले.

“काय गो बाय, रोज तेच काय लिवतेस?” आजी विचारी.

“अजून येत नाही नीट,” धाकटी म्हणे.

फेब्रुवारी २०१८ मध्ये आजी गेली. पलंगाखालच्या पेटीत दोनशेच्या वर कागद निघाले. कोणी सांगितले नव्हते, कोणाला द्यायचे नव्हते, कोणाला पसंत पडायचे नव्हते, असे हे तिचे कलाशाळेनंतरचे पहिले काम. सात वर्षांनी आलेले. एप्रिलमध्ये परीक्षांचे निकाल तयार करून देऊन तिने नोकरी सोडली. या वेळी विचारले नाही, सांगितले. आम्हीही माडीवरून कांदे खाली आणले.

त्यानंतरची दोन वर्षे तिने आजीच्या सामानाची चित्रे केली. घडी घातलेले तांबडे लुगडे, रिकामा पलंग, पाणी आटलेल्या विहिरीवरचा रहाट. सकाळी शिकवण्या आणि दुपारी माडी, असा क्रम. एक चित्र तीन-तीन महिने चाले. आज रंगवलेले उद्या ती पलित्याने खरवडून टाकी, तेव्हा आमच्या पोटात गोळा येई. कारण त्या रंगाच्या नळीची किंमत आता आम्हांस ठाऊक झाली होती. भिंतीकडे तोंड केलेली ती तांबड्या लुगड्याची मारिया तिने एकदा बाहेर काढली, बराच वेळ पाहिली, आणि पुन्हा तशीच ठेवली. “कल्पना बरी होती,” ती म्हणाली, “पण लुगडं तेव्हा मी नीट बघितलंच नव्हतं.” लोकांनी चित्र परत केले, याचे दुःख तिला उरले नव्हते, आपणच कमी पडलो होतो, हे तिला कळले होते. कलाशाळेतून बाहेर पडलेल्या मुलांची प्रगती कशात मोजायची, असे कोणी आम्हांस विचारले, तर आम्ही त्या वाक्याकडे बोट दाखवू.

एप्रिल २०२० मध्ये तिचे आणि दोन मैत्रिणींचे प्रदर्शन ठरले होते. दालनाचे भाडे तिघींत वाटून भरले होते. मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि सारे राहिले. त्या पावसाळ्यात माडीवरच्या कॅनव्हासांना बुरशी धरली. तोंडाला फडके बांधून ती एकेक चित्र कोरड्या ब्रशने झाडून काढी, आणि ऊन पडेल त्या दिवशी आम्ही ती अंगणात नेत असू. शेजारी वळचणीला उभे राहून पाहत. असे तिचे पहिले प्रदर्शन आमच्या अंगणातच भरले.

खरे प्रदर्शन नोव्हेंबर २०२२ मध्ये, फोर्टमधल्या एका लहान दालनात झाले. सात दिवसांत तिची दोन चित्रे गेली. त्यांतले एक होते आजीच्या हातांचे. चेहरा नाही, तांबड्या लुगड्याच्या मांडीवर विसावलेले दोन हात, एवढेच. ते विकले जाईल, असा विचारही आमच्या मनात आला नव्हता. ते आमच्या दिवाणखान्यात लागणार, असे आम्ही धरूनच चाललो होतो. आम्ही रागावलो. आमच्या आईचे हात परक्याच्या घरी जाणार!

धाकटी शांतपणे म्हणाली, “पपा, दहा वर्षं तुम्ही विचारत होता, ‘विकलं का?’ आता विकलं.”

आम्हांस उत्तर सुचले नाही. घरी परतताना लोकलच्या खिडकीपाशी बसून आम्ही दोघे गप्प होतो. नायगावच्या खाडीवरून गाडी जात असता आमच्या ध्यानात आले, की परक्या माणसाने पैसे मोजून आपल्या घरी न्यावे, असे त्या हातांत काही आहे, हे आम्ही कधी मानलेच नव्हते. आम्हांस ते फक्त आईचे हात वाटत होते. तिने त्यांतून जे केले, ते दुसऱ्या कोणाच्याही आईपर्यंत पोहोचणारे होते.

त्या पैशांतून तिने फार काही केले नाही. थोडे रंग घेतले, आणि माडीच्या छपरात उत्तरेच्या अंगाला सहा काचेची कौले बसवून घेतली. उत्तरेचा उजेड दिवसभर फारसा बदलत नाही, असे तिने आम्हांस समजावले. जे. जे. सोडल्यापासून अकरा वर्षे तिला तसला उजेड नव्हता. कौले बसवायला एक दिवस लागला. खर्च फारसा नव्हता. २०११ सालीच तो आम्हांस परवडला असता.

आपल्या पॅरिशमध्ये आता कोणाकोणाची मुले कलाशाळेत जातात. त्यांच्या आईवडिलांना आम्ही उपदेश करावा, एवढा आमचा अधिकार नाही. कोणी घरी आले, तर आम्ही त्यांना माडीवर नेतो आणि ती कौले दाखवतो.