तळ्याकाठचे दोन शिकारी

भिलाई म्हटले की आधी पोलाद आठवते. फेब्रुवारी १९५९ मध्ये राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इथली पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि दुर्गजवळच्या धानाच्या मुलखात नवे शहर उभे राहिले. वैशाली नगर ही त्याच शहरातली गजबजलेली वस्ती. पण छत्तीसगड हा मुळात तळ्यांचा प्रदेश. मैत्रीबाग पाहायला आलेल्या पाहुण्याने पावसाळा सरताना एखाद्या जुन्या तळ्याकाठी घटकाभर थांबावे. तिथे दोन शिकारी भेटण्यासारखे आहेत.

पहिला खंड्या. चॉकलेटी डोके, पांढरा गळा, निळी पाठ आणि लालभडक चोच असा हा अकरा इंची पक्षी विजेच्या तारेवर बसलेला असतो. दुसरी टाचणी, काठच्या गवतावर टेकलेली. जेमतेम दीड इंच लांब, नराचे अंग पिवळेधमक. चतुर पंख पसरून बसतो, टाचणी ते पाठीवर मिटून घेते. खंड्या मासे, सरडे, नाकतोडे टिपतो, टाचणी डास-चिलटे. प्रसंगी टाचणीही खंड्याच्या चोचीत जाते!

जागतिक लाल यादीत दोघांवरही ‘कमीत कमी चिंता’ असाच शेरा आहे. मात्र २०२१ मध्ये जगातील सहा हजारांवर चतुर-टाचण्यांच्या जातींचा आढावा घेतला गेला, तेव्हा सुमारे १६ टक्के जाती धोक्यात आढळल्या. पाणथळ जागा नाहीशा होणे, हे त्याचे मोठे कारण.

शिवाय हा शेरा साऱ्या जगाचा आहे, एकेका तळ्याचा नव्हे. टाचणी पाणवनस्पतींच्या देठात अंडी घालते. तिची पिल्ले पाण्यातच वाढतात आणि डासांच्या अळ्या फस्त करतात. खंड्या मातीच्या उभ्या काठात बोगदा खणून घरटे करतो. सुशोभीकरणासाठी काठचे गवत उपटले, सिमेंट थापले की दोघांचेही घर जाते.

फरक इतकाच, की टाचणी लगेच दिसेनाशी होते. खंड्या पाण्यावाचूनही निभावतो. बागेतले सरडे पकडत तो तारेवर बसलेला दिसतो आणि सारे ठीक आहे असे लोकांना वाटते. म्हणून तळ्याची प्रकृती जाणून घ्यायची असेल, तर वर तारेकडे पाहण्याआधी खाली गवताकडे पाहावे.